महिलांना बसण्याची स्वतंत्र व्यवस्था

परवा दुपारी अंगणात तांदूळ निवडत बसले होते, तर शेजारच्या गावाकडून भोंग्याचा आवाज आला. आधी नुसती घरघर, मग एक चढा सूर, मग संपता संपेना असं वाक्य. शब्द कळायच्या आधीच कळलं, मंडई आली. हवेत भाताच्या नव्या तणसाचा वास होता, धान चुरून-मळून झालं होतं, आणि आमच्या ओसरीवर कुरिअरच्या गाडीची वाट पाहत खोकी रचून ठेवली होती. बाबा खाटेवर उताणे पडून भोंगा ऐकत होते. थोड्या वेळानं उठून बसले.

"हा मानूस श्वास कुठं घेते?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ते पेनड्राइव्हवर भरलेलं असते. एकदा बोलून ठेवलं की झालं."

"म्हनूनच तं विचारून राहिलो. यानं श्वास नाही घेतला तं आयकनाऱ्यानं कवा घ्याचा?" असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. सासरी गेलेल्या पोरी लेकरांना घेऊन येतात, जावई नवा शर्ट घालून पारावर बसतात, सोयरिकीची बोलणी निघतात. गावाबाहेरच्या आखरावर बांगड्यांची, जिलेबीची, फुग्यांची दुकानं लागतात. घरात लाखोरीच्या डाळीचे वडे तळत असतात, त्यांचा वास रस्त्यापर्यंत जातो. आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक म्हटलं की त्याचा अलाउन्स आला. म्हणजे एका गाडीला भोंगा बांधायचा आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांतून ओरडत फिरायचं. हे काम बाबांनी वीसेक वर्षं केलं. एरवी ते शेतकरी, बोलायला तसे कंजूष. आईनं चार वाक्यं बोलावी तेव्हा ते एक बोलणार. पण माइक हाती आला की या माणसाच्या तोंडून असं काही नटवं मराठी निघायचं, की आम्हा पोरांना वाटायचं, हे आपले बाबा नाहीतच. रसिक काय, मायबाप काय, आतुरतेनं काय! घरी ते कधी आतुर झालेले मी पाहिले नाहीत.

मग नाटकवाल्यांकडे पेनड्राइव्ह आले. बाबांना कोणी नको म्हटलं नाही, फक्त एका वर्षी बोलावणं आलं नाही. त्यांनी माइक पोथीसारखा लाल कापडात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. त्या कापडाची गाठ मात्र दर दिवाळीच्या साफसफाईत तेच सोडायचे आणि तेच पुन्हा मारायचे. आईलाही हात लावू द्यायचे नाहीत.

मी पुण्याची नोकरी सोडून गावी आले तो पावसाळा. चार-पाच वर्षं झाली त्याला. कंपनीत मी दुसऱ्यांची दुकानं इंटरनेटवर मांडून द्यायचे. मोजे विकायचे, मोबाइलची कव्हरं विकायची. एक दिवस वाटलं, आपल्याकडे चिन्नोर तांदूळ पिकतो, शिजताना ज्याचा वास चार घरं ओलांडून जातो, आणि मी मोजे काय विकून राहिले? राजीनामा दिला तेव्हा साहेब हसले. माणूस चांगला होता. म्हणाले, "करून बघ. जानेवारीपर्यंत तुझी जागा भरत नाही. मग मात्र हो किंवा नाही सांग." म्हणजे मंडईचा हंगाम संपेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. दुकान चाललं तर घर, नाही चाललं तर पुणे. हे मी घरी आल्या आल्या सांगून टाकलं. आई म्हणाली, "तुले वाटते ते कर." बाबा काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा मला तेव्हा राग आला होता. राहा तरी म्हणा, जा तरी म्हणा.

दुकान मी मोठ्या थाटात मांडलं. केळीच्या पानावर तांदळाची रास, बाजूला झेंडूचं फूल, असे फोटो काढले. आईनं पाहून विचारलं, "तांदराचं लगन हाये का?" मी तिला समजावलं की लोक आधी डोळ्यांनी घेतात. ती म्हणाली, "तांदूर कोनी पाहून घेते का वो? तांदूर तं खाऊन घेते." मी मनात म्हटलं, हिला काय कळतं. माझ्याकडे शिकलेल्या सगळ्या युक्त्या होत्या. पहिल्या ऑर्डरीवर सूट दिली. दोनावर एक फुकट दिलं. रोज एक मजकूर लिहायचा, त्यात 'मातीचा सुगंध' वगैरे घालायचं. गावात नेट मिळायचं ते फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून मी टाकीच्या ओट्यावर बसून जगाला साद घालायचे. म्हशी घेऊन जाणारे लोक "काय बाई, आला का गिऱ्हाईक?" असं विचारत पुढे जायचे. गिऱ्हाईक येत नव्हतं. अंगठे मात्र भरपूर यायचे. ते सगळे आमचे मावसभाऊ, आतेबहिणी, मामाचे साळे. सगळ्यांच्या घरी पोत्यांनी तांदूळ. पावसाळा संपून दिवाळी येईपर्यंत तीन ऑर्डरी आल्या. त्यातली एक वैशालीची, जी पुण्यात माझ्याच खोलीत राहायची आणि जिला माझी दया आली होती.

भाऊबीज झाली तेव्हा मी हातपाय गाळले होते. जेवताना म्हणाले, "दुकानाचं कोणाला माहीतच नाही, तर येतील कुठून?"

बाबांनी घास थांबवला. "मंग सांगाव लागंल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर माळ्यावरून माइक खाली आलेला. मोपेडच्या मागे भोंगा बांधलेला, पुढे पाय ठेवायच्या जागी बॅटरी. बाबा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला गमछा बांधून तयार. मी धावतच बाहेर गेले. म्हटलं, "बाबा, हे ऑनलाइन दुकान आहे. इंटरनेटवरचं. आणि तुम्ही सांगणार कोणाला? ज्यांच्या घरी धानाच्या ढोल्या-कणग्या भरल्या आहेत त्यांनाच?"

"तू लिहून दे. सांगाचं काम माहं."

मी चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि साइटचा पत्ता लिहून दिला. वाटलं, म्हाताऱ्याची हौस आहे, एक दिवस फिरेल आणि बसेल. मोपेड गेली. मी टाकीवर जाऊन बसले. तासाभरानं शेतांच्या धुऱ्यांवरून, धान कापलेल्या बांध्यांवरून, शेजारच्या गावातून आवाज आला. किती वर्षांनी ऐकत होते मी तो! अंगावर सर्रकन काटा आला, आणि पाठोपाठ लाजेनं कानशिलं तापली.

"रसिक मायबाप हो! ज्या क्षणाची आपण आतुरतेनं वाट पाहत होता, तो क्षण आता आपल्या दारी! ऑनलाइन दुकान! ऑनलाइन दुकान! ऑनलाइन दुकान! अस्सल चिन्नोर! पत्ता ध्यानात ठेवा, शाळेच्या मागे, हातपंपाच्या बाजूला, कवेलूचं घर! एक वेळ अवश्य भेट द्या! महिलांना बसण्याची स्वतंत्र व्यवस्था!"

साइटचा पत्ता कुठं गेला, ते नंतर कळलं. पहिल्याच चौकात एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "हे डॉट कुठंसा आलं जी?" बाबांना उत्तर देता आलं नाही, आणि ज्या जागी पोचता येत नाही तिथं लोकांना बोलावणं त्यांना पटलं नाही. म्हणून त्यांनी घरचा पत्ता दिला. आणि ती शेवटची ओळ? ती तर वीस वर्षांच्या सवयीनं आपोआप तोंडून निघाली होती. नाटकाच्या प्रत्येक अलाउन्समध्ये ती असायचीच. ते घरी आले तेव्हा मी भांडले. अगदी रडून भांडले. "ऑनलाइन दुकानात बसायची व्यवस्था असते का बाबा? माझं हसं केलं तुम्ही!" घोटभर पाणी पिऊन त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "बोललो खरं," म्हणाले, "मंग आता सतरंजी टाकाव लागंल."

आजही आठवलं की वाईट वाटतं. मी त्या दिवशी त्यांच्याशी जेवतानाही बोलले नाही. आणि ते आपले आईला विचारत होते, "सतरंजी धुतली हाये का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पाच बाया दारात उभ्या. पुढे अनसूयाबाई, बाजूच्या गावच्या, उंच, काटक, नाकात मोठी नथणी. आल्या आल्या विचारलं, "बसाची सोय कुठं हाये?"

आईनं सतरंजी दाखवली. सगळ्या ऐसपैस बसल्या. धानकापणीनं हात काळे पडलेले, बोटांना विळ्याच्या चिरा. दोन महिने वाकून वाकून पाठी मोडल्या होत्या आणि आता कुठे उसंत मिळाली होती. चहा झाला. मी मोठ्या आशेनं लॅपटॉप उघडला, केळीच्या पानावरचा तांदूळ दाखवला. अनसूयाबाईंनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "मले तुह्या दुकानातलं काई नाही पायजे बाई. माह्या घरी पोते पडले हाये."

"मग?" मी जरा तुटकच विचारलं.

"माहा पोरगा पुन्याले कंपनीत हाये. हातानं रांधून खाते. तिकडच्या तांदराले वास नाही म्हनते, पोट भरत नाही म्हनते. तू ऑनलाइन हायेस ना? मंग माह्या घरचा तांदूर त्याच्यापाशी पोचते का, सांग."

मी समजावू लागले की काकू, हे दुकान आहे, इथं माल विकत मिळतो, तुमचाच माल तुमच्या मुलाकडे पोचवायचं काम कुरिअरवाले करतात. बाकीच्या चौघींनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. प्रत्येकीचं कोणी ना कोणी बाहेर होतं. एकीची लेक हैदराबादला, एकीचा भाऊ सुरतेला, दोघींची पोरं पुण्याला. कुरिअरचं ऑफिस तालुक्याला, फॉर्म इंग्रजीत, आणि खिडकीमागचा माणूस हिंदीतून खेकसणारा. "तिकडं कोन जाते बाप्पा," एक जण म्हणाली, "इथं कसं, बसाले भेटते."

चुलीजवळून आईचा आवाज आला, "काऊन नाही पाठवत तू? तुह्या तं तीन ऑर्डरी आल्या. रिकामीच तं हायेस."

आमच्या भागात कोणाला बरं वाटावं म्हणून कोणी बोलत नाही. मी लॅपटॉप मिटला.

मग जे सुरू झालं त्याला दुकान म्हणावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज दुपारी सतरंजी भरायची. बाया डोक्यावरून गाठोडी आणायच्या. पाच किलो, दहा किलो, सोबत लाखोरीची डाळ, वाळवलेल्या मिरच्या, एखादीचा तिळाचा लाडू. दुकानाचा पत्ता छापलेली पिशवी माझी, शिवण माझी, वर नाव आणि फोन लिहायचं काम माझं. पण बायांना लिहिलेल्या नावावर विश्वास नव्हता. सगळ्या पिशव्या एकसारख्या, पोराला कशी कळेल कोणती आईची? अनसूयाबाईंनी जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून पिशवीच्या तोंडाला बांधली. "हे लुगडं त्याच्या ओरखीचं हाये," म्हणाल्या. मग सगळ्यांनीच चिंध्या आणल्या. हिरव्या काठाची, जांभळी, ठिपक्यांची. पुण्याचं पोतं भरलं की बाबा ते मोपेडवर बांधून कोहमाऱ्याला नेत आणि हायवेच्या धाब्यापाशी पुण्याच्या बसवाल्याच्या हवाली करत. तिकडे वैशाली उतरवून घेई आणि पोरांना फोन करी. ती सांगायची, ही एवढाली दाढीवाली पोरं येतात, यादीत आपलं नाव शोधतच नाहीत, सरळ चिंधीला हात घालतात.

मी मात्र रात्री अंथरुणावर हिशेब न मांडताही जाणून होते की माझ्या दुकानातला माझा तांदूळ जागचा हललेला नाही. लोकांचं काम होत होतं, मला चार शब्द कौतुकाचे मिळत होते, गाडीखर्च निघत होता. त्यानं काही जानेवारी टळणार नव्हता. मंडया एकेक करून होत होत्या. आमच्या गावची झाली, पलीकडची झाली, आमच्याकडच्या प्रतापगडाच्या बाजूची तेवढी राहिली. बाबा रोज सकाळी मोपेड काढून नव्या गावाला जात. त्यांच्या आवाजाला धार चढली होती. मीही आता टाकीवर बसून ऐकायचे, आणि ती शेवटची ओळ आली की ओठ हलायचे माझे.

मग एका दुपारी फोनवर टुणकन ऑर्डर पडली. पुण्याहून, अनोळखी नाव. मला वाटलं चुकून आली. खाली सूचना लिहिण्याच्या जागी लिहिलं होतं, 'आमच्या शेजारच्या मुलांकडे शिजला होता तोच पाठवा. चिंधीवाला.' दुसऱ्या दिवशी हैदराबादहून आली. मग पुन्हा पुणे. एका इमारतीत एका पोरानं कुकर लावला होता, वास जिन्यात गेला होता, आणि जिन्यातली बिऱ्हाडं दार उघडून विचारत आली होती. आई म्हणाली होती तेच झालं, तांदूळ लोकांनी खाऊन घेतला. तिच्याकडे पाहायची मला चोरी झाली. तिला त्याचं काहीच नव्हतं, ती चिंध्या फाडत होती. पंधरा दिवसांत माझ्या ढोलीचा तळ दिसू लागला. अनसूयाबाईंना म्हटलं, "काकू, तुमच्या घरचा तांदूळ आता मला विकत द्याल का?" त्या म्हणाल्या, "पोत्यावारी घे. पन पोराचा बाजूले ठेव."

हंगाम सरला, त्या संध्याकाळी शेवटचं पोतं भरायला घेतलं. मी यादी वाचत होते, आई पिशव्या देत होती. यादी संपली आणि एक पिशवी उरली. कोठीच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून ठेवलेली. दहा किलोची. तिला लुगड्याची चिंधी नव्हती. लाल कापडाची पट्टी होती. माइकच्या कापडाची. मी ओळखणार नाही का ते कापड?

पिशवीवर पोस्टरवर लिहितात तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्योती, पुणे.'

मी पिशवी उचलून बाहेर आणली. बाबा मोपेडला दोरी आवळत होते.

"बाबा, हे काय?"

त्यांनी पाहिलं आणि दोरीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा मारली. "तुह्यासाठी. विहिरीजवळच्या बांधीचा हाये, पयला चुरला तो."

"कधी भरली?"

"माइक काढला त्याच दिवशी."

म्हणजे माझ्या दुकानासाठी बारा गावं ओरडत फिरायला निघण्याआधी या माणसानं माझ्या जाण्याची पिशवी भरून ठेवली होती. गळा बसेपर्यंत लोकांना घरी बोलावत होता, आणि मी गेलेच तर माझ्यासोबत काय जावं, तेही बघून ठेवलं होतं. राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी त्यांच्या गप्प बसण्याचा राग धरला होता सगळा पावसाळा. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"मी नाही जात बाबा," म्हटलं.

"मंग रांधून खाऊ," ते म्हणाले, आणि पोतं मोपेडवर घ्यायला त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

त्याच संध्याकाळी मी टाकीवर जाऊन साहेबांना 'नाही' असं कळवून टाकलं. आईनं लाल पट्टी सोडून तांदूळ शिजत घातला. घरभर वास झाला. जेवताना बाबा एकच वाक्य बोलले, की भात जरा मऊ झाला आहे, नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. आई म्हणाली, "तुमीच रांधत जा मंग."

आता गावात नेट घरात बसून मिळतं. सतरंजी दोनदा बदलली, पण ओसरीवर ती आहेच, आणि दुपारी बायाही आहेत. काही पिशव्या भरतात, काही नुसत्याच बसतात. बाबांचा गळा मागच्या वर्षीपासून साथ देत नाही. दोन गावं झाली की आवाज फाटतो. पोरं म्हणतात, काका, एकदा भरून द्या, आम्ही वाजवू. ते ऐकत नाहीत. म्हणतात, लोकं घरी येतात ते बोलावल्यानं येतात.

परवा ते खाटेवर पुन्हा आडवे झाले, तशी मी सुपातले खडे फेकून कोठीत गेले. दिवाळी झाली की एकदा जाऊन बघायची मला सवयच लागली आहे. खोक्यांच्या मागे, भिंतीला टेकून, दहा किलोची पिशवी. लाल पट्टी. त्या कापडाचा आता हातरुमालाएवढा तुकडा उरला असेल. 'ज्योती' तेवढं लिहिलं आहे, पुढे गावाची जागा कोरी.

"बाबा, अजून भरता?" मी आतूनच विचारलं. "मी कुठं जाऊन राहिले आता?"

"नाही गेलीस तं बरंच हाये," बाहेरून आवाज आला, घोगरा. "पन जाशील तं रिकाम्या हातानं काऊन जाशील?"

मी पिशवी होती तिथंच ठेवली. शेवटची मंडई झाली, की ती उघडायची.